अकरा मेची रीस्टार्ट फाइल

महांतेश नावाचा तो पोरगा सुकन्याचं वाटोळं करणार, असं गीतांजलीच्या मनानं घेतलं होतं. आणि एकदा तिच्या मनानं घेतलं की ते सहजी जात नसे. भाकरी थापताना, सेवा केंद्रात कुणाचा अंगठा मशीनवर दाबून घेताना, अगदी नवऱ्याशी भाजीवरून भांडतानासुद्धा तोच विचार आत चालू. पोरगा दिसायला वाईट नव्हता, वागायलाही नव्हता, आणि हीच तर पंचाईत होती. वाईट असता तर सुकन्यानंच त्याला लांब ठेवलं असतं.

सुकन्या ही तिची थोरली लेक. नांदेडच्या एका संशोधन केंद्रात हवामानाच्या मॉडेलवर पीएच.डी. करत होती. मॉडेल म्हणजे काय, हे गीतांजलीनं लेकीकडून हळूहळू समजून घेतलं होतं. कॉम्प्युटरच्या आत नुसत्या आकड्यांची एक पृथ्वी उभी करायची. तिच्यात ऊन पडतं, वारं सुटतं, पाऊस होतो, पाणी जमिनीत मुरतं. अशी ती वर्षामागून वर्ष पुढे चालवत थेट दोन हजार साठपर्यंत न्यायची. तोवर मराठवाड्याच्या जमिनीखाली पाणी किती उरेल, हा सुकन्याचा विषय. महांतेश त्याच केंद्रात तांत्रिक सहायक होता, अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर. वीज जाते, यंत्रं तापतात, मॉडेल मध्येच बंद पडतं. ते जिथं थांबलं तिथून पुन्हा सुरू करून देणं हे त्याचं काम.

त्याला तिनं प्रत्यक्ष पाहिलं ते एकदाच. मार्चमध्ये सुकन्या कावीळ होऊन औशाला घरी पडून होती, तेव्हा तो नांदेडहून बसनं हार्ड डिस्क घेऊन आला. भर उन्हात फुल बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, काखेत एक लांबडं रजिस्टर. पाणी प्यायच्या आधी त्यानं भिंतीवर प्लग कुठं आहे ते पाहिलं. हे गीतांजलीनं टिपून ठेवलं.

"बसा की. कुणीकडचे तुम्ही?" सुदामनं विचारलं. गीतांजलीचा नवरा सुदाम एसटीच्या आगारात मेकॅनिक. माणूस दिसला की त्याला बोलायला लागतं.

"देगलूरकडचा, काका."

"मग तेलुगू येत असंल."

"तेलुगू येतंय, कन्नड येतंय. मराठी बी येतंय थोडं थोडं."

तो हसला नाही. त्यामुळे हा विनोद होता की काय, ते गीतांजलीला कळलं नाही. सुदाम मात्र खो खो हसला.

डिस्क देताना त्यानं रजिस्टर उघडलं, तारीख घातली, घड्याळात बघून वेळ घातली आणि पलंगावर पडलेल्या सुकन्याची सही घेतली.

"घरातल्या घरात सही कशाला?" गीतांजली म्हणाली.

"असू द्या काकू. उद्या कुणी इचारलं तर."

कोण विचारणार होतं? मनात काही असल्याशिवाय माणूस चौकशीची तयारी आधीच कशाला करेल? ती स्वयंपाकघरात गेली आणि चहाचं आधण ठेवून बाहेरचं बोलणं ऐकत उभी राहिली.

"आमची पोरगी दिवसभर फोनवर रीस्टार्ट फाइल, रीस्टार्ट फाइल करती. हाय तरी काय ते?" सुदाम विचारत होता.

"तुमच्याकडं सप्ताह बसतो का, काका?"

"बसतो म्हणजे? दुपारी दोन ते चार वीणेचा पहारा माझाच असतो."

"मंग तुम्हाला सांगायलाच नको. सात दिवस वीणा भुईला टेकू द्यायची न्हाई. पहारा बदलताना काय करता?"

"त्याच्या गळ्यातली आपल्या गळ्यात घेतो. एकमेकाच्या पाया पडतो. चाल कोणती, लय किती, ते तो चालू असतानाच घ्यायचं. मध्ये खंड नाही."

"हाव. म्हंजे पुढं न्यायला जेवढं लागतंय तेवढंच घेता. काल कीर्तन कुणी केलं, आमटीत मीठ किती होतं, ते घेत न्हाई. रीस्टार्ट फाइल तशीच. मशीन थांबलं त्या घडीची हवेची गरमी, वारं, दमटपणा, जमिनीच्या थराथरातली ओल, पार खालचं पाणी, एवढं तिच्यात ठिवायचं. पाऊस ठिवत न्हाई."

"पाऊसच नाही?"

"पाऊस ते आपला आपण पुन्हा काढतंय. हवा माहीत असली की पाऊस निघतो. पण खाली पाणी किती हाय, हे मागच्या कैक वर्षांचं साठलेलं असतंय. ते ध्यानात ठिवल्याबिगर नव्यानं काढता येत न्हाई. जे काढता येतंय ते सोडायचं, जे येत न्हाई ते ठिवायचं. आमचं निम्मं काम म्हंजे कोणतं व्हेरिएबल कशात बसतंय ते बघणं."

गीतांजली चहा घेऊन बाहेर आली. "आणि एखादं ठेवायचं राहिलं तर?"

त्यानं पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "मंग मशीन मनानं एक आकडा धरतंय, काकू. लातूरच्या खाली तेवढंच पाणी आणि रत्नागिरीच्या खाली बी तेवढंच. वाईट काय, तर बंद पडत न्हाई. चालूच राहतंय. कुणाला कळत बी न्हाई."

तो गेल्यावर सुदाम म्हणाला, "पोरगा लई हुशार आहे. आपल्या सुकन्याच्या पप्पूंनी तरी मला एवढं समजावून सांगितलं असतं का कधी?" सुकन्याचे पप्पू म्हणजे तो स्वतःच. गीतांजलीला हसू आलं नाही. बिघडवायचं कसं आणि कुणाला न कळता, हे ज्याला एवढं तोंडपाठ, त्याच्या हाती सगळ्या किल्ल्या. तिनं लेकीला तसं विचारलंही.

"त्याला तुझा पासवर्ड माहीत आहे का गं?"

"आहे. मी नसताना मॉडेल थांबलं तर कोण सुरू करणार?"

"बदल तो."

"आई, तू ना, भाजीवाल्याचा काटासुद्धा दोनदा बघतेस."

"बघते म्हणूनच पुरेसं माप मिळतं."

पुढच्या दिवसांत तिनं त्याची माहिती जमवली. सेवा केंद्रात बसणाऱ्या बाईला माहितीची कमी नसते. तालुक्याच्या निम्म्या लोकांचे दाखले तिच्या समोरून जात, आणि कुणी ना कुणी कुणाचा पाहुणा निघतोच. वडील लवकर गेलेले. आई गुरम्मा एका शाळेत खिचडी शिजवते. पोरगं बी.एस्सी. करून किनवटकडच्या एका वसतिगृहात कॉम्प्युटर शिकवत होतं. तिथं बंद पडलेले सात कॉम्प्युटर त्यानं एकमेकांचे भाग घालून चालू केले, चार चालले, आणि ते बघून नांदेडच्या कुणीतरी त्याला बोलावून घेतलं. व्यसन नाही. लग्न नाही. इथवर ठीक होतं. पण शेवटी एक खडा लागला. महांतेशनं मागच्या वर्षी एम.एस्सी. पुरी केली होती आणि सुकन्याच्याच मॅडमकडे पीएच.डी.साठी अर्ज केला होता. मॅडमकडे जागा रिकामी नव्हती. सुकन्या बाहेर पडली तर होणार होती.

ऑगस्टमध्ये सुकन्याचा फोन आला तेव्हा तिला धड बोलता येत नव्हतं. सात महिने चाललेलं मॉडेल संपलं होतं. तिनं आलेख काढले तर दोन हजार एकतीस सालच्या जानेवारीत जमिनीखालच्या पाण्याची रेघ एकदम वर उडालेली. त्याच्या आधी मराठवाडा कोरडा, कोकण ओलं, सगळं जसं असायला हवं तसं. आणि एका दिवसात सगळीकडे एकच आकडा. लातूर, रत्नागिरी, सगळं सारखं. तिथून पुढची तीस वर्षं वाया.

"खालच्या पाण्याचं व्हेरिएबलच रीस्टार्ट फाइलीत नव्हतं, आई. मॉडेलची नवी आवृत्ती घेतली, तिच्यात ते वेगळं ठेवावं लागतं. जुन्या फाइलीत ते कुठून असणार? तिथं थांबून ते घालायला हवं होतं. कुणीतरी तसंच पुढं ढकललंय. माझ्या नावानं लॉगिन करून."

"कुणीतरी म्हणजे कोण?"

सुकन्या पुन्हा त्या रेघेबद्दलच सांगू लागली.

"मी सांगत नव्हते?"

"आई, लगेच त्याच्यावर नको जाऊस."

पण गीतांजली रोज फोनवर थोडं थोडं बोलत राहिली. पासवर्ड कुणाकडे होता? जागा कुणाला हवी होती? हे कसं करायचं ते आपल्या घरात बसून कुणी सांगितलं होतं? पहिल्या आठवड्यात सुकन्या भांडली, दुसऱ्या आठवड्यात ऐकून घेऊ लागली.

शनिवारी दोघी लातूरला भेटल्या. गीतांजली सेवा केंद्रासाठी प्रिंटरची शाई घ्यायला गेली होती आणि सुकन्या चष्म्याचा नंबर तपासायला आली होती. गंजगोलाईत एका रसवंतीत बसून सुकन्यानं मोबाइलवर ती रेघ दाखवली.

"सोमवारी अकरा वाजता मॅडमनी बोलावलंय. त्याला आणि मला. मॉडेल सुरू केल्याच्या त्या खेपेचा तपशील पुढच्या खेपेनं पुसला गेलाय. फाइलीवरची तारीख आणि वेळ तेवढी उरलीय. मॅडम विचारणार, तू केलंस का. मी नाही म्हणणार. मग उरतो तो एकटाच."

"मग सांग की तसं. घाबरतेस कशाला?"

"त्याचा करार या महिन्यात संपतोय. मॅडम वाढवणार नाहीत. दुसरीकडंही कुणी घेणार नाही, असं ऐकल्यावर."

"आपण केलंय का ते? ज्यानं केलं तो बघेल."

सुकन्यानं ग्लासातला बर्फ हलवला. वर पाहिलं नाही. डोळ्यांत औषध घातल्यामुळे असेल, असं गीतांजलीला वाटलं.

रविवारी सेवा केंद्र बंद असे, पण शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख होती म्हणून तिनं उघडलं. गर्दी व्हायच्या आधी तिनं महांतेशला फोन लावला. उद्या पोरगी मॅडमसमोर जायच्या आधी त्याचा आवाज ऐकायचा होता. खोटं बोलणारा माणूस आवाजावरून कळतो, असं तिचं मत होतं.

"मी सुकन्याची आई बोलतेय, औशाहून."

"बोला काकू. ताईंची तब्येत बरी हाय का आता?"

"तुम्ही बरी राहू दिली तर राहील."

त्यानं पलीकडचा पंखा बंद केला. मग तो म्हणाला, "मी हात न्हाई लावला, काकू."

"मी कुठं म्हटलं, लावला म्हणून? तुम्हीच बोलून राहिलात."

"सगळेच बोलून राहिलेत. म्हणून म्हणलं."

"पासवर्ड तुमच्याकडं होता की नाही?"

"हाव, होता. ताईंनीच दिलता."

"आणि पीएच.डी.चा अर्ज?"

"केलाय. त्याचा काय संबंध?"

"ते तुम्हालाच ठाऊक."

 बोलला तेव्हा आवाज चढला नव्हता, आणि याचाही तिला संशय आला.

"काकू, मॉडेल सुरू करायची स्क्रिप्ट मी लिहिलेली हाय. फाइली उतरवून घ्यायला तिला तासभर लागतो. मंग ती एकेक व्हेरिएबल तपासती. एखादं सापडलं न्हाई तर थांबती आणि विचारती, ठरीव आकडा धरून पुढं जाऊ का, हो का न्हाई. मला गुपचूप करायचं असतं तर मी ते विचारायचं ठिवलं असतं का? तिनं विचारलंय, आणि कुणीतरी हो म्हटलंय. अकरा मे, संध्याकाळी सात वाजून बारा मिनिटं. मी त्या दिवशी देगलूरला होतो, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. पण मॅडम म्हणतात मोबाइलवरनं बी करता येतंय. खरं हाय, येतंय. मंग मी काय दाखवू?"

"तारीख-वेळ बरीच पाठ आहे तुम्हाला."

"वीस दिवस तेवढंच बघून राहिलो, काकू."

तिनं फोन ठेवला. छान बोलतो, तिनं मनात म्हटलं. फारच छान बोलतो. आईचं ऑपरेशनसुद्धा बरोबर जागेवर आणून ठेवलं.

दहाच्या सुमारास तुळजाबाई आली. नातीचा अर्ज भरायचा होता. नात बारावीला, तिला ताप, म्हणून आजीच कागदांची पिशवी घेऊन आलेली. गीतांजलीनं नाव घातलं, आधार नंबर घातला, उत्पन्नाचा दाखला जोडला. पडद्यावर एक चौकोन उघडला, त्यात इंग्रजीत दोन ओळी. तिनं ओके दाबलं. पुन्हा एक उघडला. पुन्हा ओके.

"काय इचारलं ओ त्यानं, ताई?" तुळजाबाईनं मान पुढं काढून विचारलं.

"काही नाही, मावशी."

"काही नाही कसं? दोनदा इचारलं की."

"विचारतंच ते. आपण हो म्हणायचं. नाही म्हटलं की सगळा अर्ज कोरा होतो आणि पुन्हा पहिल्यापासून भरावा लागतो."

"मग न वाचताच हो?"

"चौदा वर्षं झाली मावशी. वाचत बसले तर दिवसाला चार अर्ज होतील."

तुळजाबाई समजल्यासारखी मागे सरली. गीतांजलीचं बोट माउसवर होतं, ते तिथंच राहिलं.

अकरा मे. सुदामच्या पुतणीची, जयाची, हळद अकरा मेला होती. मांडव पलीकडच्या गल्लीत. सगळे साडेसहाला गेले, सुकन्याही नवी साडी नेसून गेली. ओटीचं ताट घरीच राहिलं म्हणून गीतांजली एकटी परत आली होती. पलंगावर सुकन्याचा लॅपटॉप उघडाच होता, काळा पडदा, पांढरी अक्षरं, आणि शेवटच्या ओळीपुढे एक रेघ लुकलुकत उभी. ओळ इंग्रजीत होती. गीतांजली बी.कॉम. झालेली, इंग्रजीला घाबरणारी नव्हती. तिनं निम्मी वाचली. सापडलं नाही असं काहीतरी, ठरीव असं काहीतरी, आणि शेवटी कंसात वाय की एन. पोरीचं काम अडून बसलंय आणि पोरगी तिकडं हळद खेळतेय, असं तिला वाटलं. तिनं उभ्या उभ्याच वाय दाबलं, एंटर दाबलं. अक्षरं भराभर पळायला लागली. आपण काम अडू दिलं नाही, याचा तिला आनंदच झाला. ताट उचललं, कुलूप लावलं आणि ती मांडवात गेली. तिथं गेल्यावर हळदीत आणि जेवणावळीत ते साफ विसरून गेली. सांगावं असं ते काही वाटलंच नव्हतं. दिवसाला शंभर वेळा ती तेच करायची.

"ताई, झाला का अर्ज?"

"झाला, मावशी." तिनं पावती छापून दिली. मग दाराला पाटी लावली, जेवणाची सुट्टी, आणि आत येऊन बसली. बाहेर दोघं-तिघं पाटी वाचून आपसात कुरकुरत उभे राहिले.

पहिला विचार आला तो असा, की हे दुसरं कुणाला माहीत नाही. दुसरा विचार पहिल्याहून वाईट होता. सुकन्यानं त्या दिवशी सहाच्या सुमारास मॉडेल सुरू केलं होतं. तिला नक्की माहीत होतं की लॅपटॉप घरी आहे, उघडा आहे आणि तो केव्हातरी प्रश्न विचारू शकतो. दुसऱ्या दिवशी तिनं तो उघडला तेव्हा मॉडेल पुढं धावत होतं. तेव्हा तिला काही वाटलं नसेलही, घाईत असेल. पण गेले वीस दिवस? अकरा मे ही तारीख समोर असताना, सात वाजून बारा मिनिटं ही वेळ समोर असताना, घरात मागे कोण येऊन गेलं हे तिच्या एकदाही मनात आलं नसेल? पोरगी हुशार होती. एरवी आईला ती सगळं विचारायची, साडीची पिन कुठं ठेवली इथपर्यंत. हे एवढंच विचारलं नव्हतं.

गीतांजलीला रसवंतीतला तो बर्फ हलवणारा हात आठवला. कदाचित डोळ्यातल्या औषधामुळेच असेल. कदाचित आईला अडचणीत आणायचं नसेल. कदाचित, उघडा लॅपटॉप सोडून जाणं ही आपली चूक मॅडमना सांगायची नसेल. कोणतं खरं, हे तिला ठरवता येईना. आणि आपल्याच पोटच्या पोरीवर आपण असा संशय घेतोय, याचं तिला नवल वाटलं नाही. वीस दिवस दुसऱ्याच्या पोरावर घेतला होता, तेव्हा कुठं वाटलं होतं?

तिनं मोबाइल घेतला. सुकन्याचं नाव यादीत सगळ्यात वर होतं. बोट तिथं गेलं आणि थांबलं. सुकन्याला सांगितलं की ती काय म्हणेल, ते तिला शब्दन् शब्द माहीत होतं. आई, तू कुणाला बोलू नकोस, मी बघते काय करायचं ते. आणि आपण ते ऐकू, हेही माहीत होतं. ऐकायला बरं वाटेल म्हणूनच ऐकू. मग सोमवारी अकरा वाजता एक पोरगा मॅडमच्या टेबलासमोर मान खाली घालून उभा राहील, आणि त्याच्या स्क्रिप्टनं विचारलेल्या प्रश्नाला हो कुणी म्हटलं ते फक्त आपल्या दोघी मायलेकींना ठाऊक असेल.

बाहेरून कुणीतरी शटरवर थाप मारली. "ताई, शेवटची तारीख हाय ओ आज!"

"पाच मिनिटं!" ती ओरडली.

सुकन्याला नंतर करायचा. आधी त्याला सांगून टाकायचं, म्हणजे मग मागं फिरायला जागा राहणार नाही. त्यानं ते मॅडमना सांगावं, हवं तर मॅडमना आपल्याशी बोलायला द्यावं. पोरीचं काय होईल? एक खेप पुन्हा चालवावी लागेल, बोलणी खावी लागतील, आणि आईशी ती महिनाभर बोलणार नाही. तेवढं होऊ दे. तिनं सकाळी लावलेला नंबर शोधला. काय म्हणायचं ते मनाशी एकदा जुळवून पाहिलं, महांतेश, त्या प्रश्नाला हो मी म्हटलं होतं, आणि नंबरावर बोट टेकवलं.